दोष, गुण आणि दोन डायोड

साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात दोषप्रकरणाच्या वाट्याला सहसा उरलेसुरले तास येतात. रस, ध्वनी, वक्रोक्ती यांची चर्चा आटोपली की श्रुतिकटू, च्युतसंस्कृती, ग्राम्य अशी नावे फळ्यावर लिहायची, एकेक उदाहरण द्यायचे आणि पुढच्या घटकाकडे वळायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. वास्तविक दोषविचार हा साहित्यशास्त्रातील सर्वांत अवघड प्रांतांपैकी एक आहे. भामहाने ‘काव्यालंकारा’च्या पहिल्याच परिच्छेदात म्हणून ठेवले आहे की, सदोष उक्तीसुद्धा विशिष्ट जागी बसली तर शोभून दिसते; काजळ मुळात मळकट, पण सुंदर डोळ्यांच्या आश्रयाने तेच शोभेचे होते. मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषांची लांबलचक यादी देऊन झाल्यावर त्यांतले काही प्रसंगी दोष राहत नाहीत, क्वचित गुणही होतात, असे मान्य केले आहे. म्हणजे दोष हा वस्तूत नसून मांडणीत असतो. यातून तीन प्रश्न निघतात. दोषाचा गुण केव्हा होतो? तो झाला हे कोण ठरवते? आणि एकदा गुण म्हणून मान्यता मिळाल्यावर त्या दोषाचे पुढे काय होते? यांपैकी तिसरा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर आम्ही एका अगदी परक्या ठिकाणी शोधणार आहोत: विद्युत गिटारवादक पायाशी ठेवतात त्या ‘ओव्हरड्राइव्ह’ नावाच्या धातूच्या पेटीत, आणि त्या पेटीतल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन डायोडांत.

आधी यंत्र थोडे समजून घेतले पाहिजे. विद्युत गिटारची तार छेडली की तिच्याखालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज निर्माण होते. साधारणपणे व्होल्टचा काही दशांश भाग, कित्येकदा त्याहूनही कमी. ही वीज वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवणे हे अॅम्प्लिफायरचे काम. परंतु कोणत्याही अॅम्प्लिफायरची एक मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडे संकेत वाढवू गेले की तरंगाचे माथे आणि तळ छाटले जातात. बागेतली मेंदी एका उंचीवर कातरावी तसे. म्हणूनच या क्रियेला ‘क्लिपिंग’, म्हणजे कातरणे, असे नाव पडले. तरंग कातरला गेला की मुळात नसलेले वरचे स्वर त्यात उमटू लागतात. छाटणी वर-खाली सारखी असेल तर फक्त विषम क्रमांकांचे स्वरांश वाढतात. मूळ स्वराला मध्य सप्तकातला षड्ज मानले, तर तिसरा स्वरांश तार सप्तकातला पंचम होतो आणि पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातला गांधार. छाटणी एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी असेल तर सम क्रमांकांचे स्वरांशही येतात. त्यांतला पहिला म्हणजे तार षड्ज. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर जन्मतात. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. रॉक संगीतातल्या वादकांनी भरगच्च स्वरसंघात टाळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी एवढी का वापरली, याचे एक कारण या गणितात आहे. कातरलेल्या आवाजात ही जोडी स्वतःच स्वतःला आधार देते.

मराठी वाचकाला ही कल्पना वाटते तितकी अनोळखी नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावली जाते, ती तरी कशासाठी? तारेचा आवाज ‘स्वच्छ’ करण्यासाठी नव्हे, तर त्यात झणकार भरण्यासाठी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या वक्र घोडीमुळे तारेतून अपेक्षेबाहेरचे स्वरांश कसे निघतात, हे दाखवले. ज्या मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिराची खरी परीक्षा या जवारीतच होते. अर्थात जवारी आणि क्लिपिंग या भौतिकदृष्ट्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकीत तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहते, दुसरीत विजेचा तरंग कापला जातो. साम्य आहे ते रसिकाच्या बाजूने. दोन्ही ठिकाणी काटेकोर अर्थाने ‘अशुद्ध’ असलेला आवाज भरीव, जिवंत म्हणून स्वीकारला गेला आहे. फरक इतकाच की, जवारीचा स्वीकार झाल्याची तारीख कोणाला सांगता येणार नाही. गिटारच्या बाबतीत मात्र हा स्वीकार कसकसा होत गेला याची वर्षे सांगता येतात.

१९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदातील गिटारवादक विली किझार्ट यांच्या अॅम्प्लिफायरला प्रवासात इजा झाली होती. ती नेमकी कशी झाली याच्या कथा निरनिराळ्या आहेत. मात्र फाटक्या ध्वनिक्षेपकात कागद कोंबून काम भागवले गेले आणि तो घरघरता आवाज तबकडीवर कायम झाला. १९५८ च्या ‘रंबल’ साठी लिंक रे यांनी ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला मुद्दाम भोके पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या चमूतील डेव्ह डेव्हीस यांनी तोच पडदा ब्लेडने चिरला. पहिल्या प्रसंगात अपघात आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात हेतू. अपघात आणि हेतू यांच्यामधल्या या अवघ्या तेरा वर्षांत दोषाचा गुण झाला.

पण वाद्य फाडून मिळवलेला गुण प्रत्येकाला परवडणारा नव्हता. त्याला यंत्राचे रूप मिळाले तेही एका बिघाडातूनच. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांचे सहा तारांचे बेस गिटार मधेच चिरक्या, गुरगुरत्या आवाजात वाजू लागते. नॅशव्हिलमधील त्या स्टुडिओच्या मिश्रण-मेजाची एक वाहिनी बिघडली होती. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो भाग काढून टाकला नाही. उलट तसाच आवाज हुकमी मिळावा म्हणून रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने ट्रान्झिस्टरचे एक मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. त्याला खरी मागणी आली ती १९६५ मध्ये, ‘रोलिंग स्टोन्स’ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ नंतर. कीथ रिचर्ड्स यांच्या मनात तिथे खरे तर पितळी सुषिरवाद्ये होती. गिटारचा तो आवाज केवळ कच्चा आराखडा होता. आराखडाच अंतिम पाठ ठरला. १९६६ मध्ये ‘ब्लूजब्रेकर्स’ या चमूच्या ध्वनिमुद्रिकेत एरिक क्लॅप्टन यांनी मार्शल कंपनीचा निर्वात नळ्यांचा अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे वाजवला आणि नळ्यांच्या त्या गोलसर छाटणीचा आवाज पुढच्या पिढ्यांसाठी प्रमाण होऊन बसला. अडचण एवढीच की तो मिळवायला कानठळ्या बसतील इतका मोठा आवाज करावा लागे. घरात, लहान सभागृहात, शेजाऱ्यांना न उठवता तोच परिणाम कसा साधायचा? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे डायोड.

डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा. या दरवाजाच्या इतिहासात एक भारतीय नाव अगदी आरंभी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजावर आधारलेल्या संवेदकासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंट मागितले आणि ते त्यांना १९०४ मध्ये मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात रडारच्या गरजेपोटी जर्मेनियमवर संशोधन झाले आणि युद्धानंतर जर्मेनियमचे डायोड रेडिओसाठी सर्रास मिळू लागले. साहित्याच्या अभ्यासकाला या मूलद्रव्याच्या नावाची कथा आवडावी. मेंडेलीव्ह यांनी १८७१ मध्ये त्याचे भाकीत केले तेव्हा ते सिलिकॉननंतरच्या घरात बसणार म्हणून संस्कृत संख्यावाचक लावून त्याला ‘एक-सिलिकॉन’ म्हटले होते. ते प्रत्यक्ष सापडले १८८६ मध्ये, जर्मनीत, क्लेमेन्स विंक्लर यांना. जर्मेनियम आणि सिलिकॉन हे आमच्या कथेतील दोन प्रतिस्पर्धी अशा रीतीने नावापासूनच भाऊबंद आहेत.

हा दरवाजा फुकट उघडत नाही. त्याला थोडा दाब लागतो. जर्मेनियमच्या डायोडला सुमारे ०.३ व्होल्ट, सिलिकॉनच्या डायोडला सुमारे ०.६ व्होल्ट आणि तांबड्या एलईडीला साधारण १.७ व्होल्ट. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातून मागून आणलेल्या मल्टिमीटरवर आम्ही जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून निघालेला एक जर्मेनियम डायोड आणि एक नवा सिलिकॉन डायोड लावून पाहिले, तेव्हा पुस्तकातले हे आकडे जवळजवळ तसेच समोर आले. आता दोन डायोड एकमेकांना उलट दिशेने जोडून संकेताच्या वाटेत ठेवले की वरचा माथा एक कापतो, खालचा तळ दुसरा. संकेत कितीही वाढवला तरी तो त्या उंचीपलीकडे जात नाही. मोठ्या अॅम्प्लिफायरला न ताणता छाटणी मिळते, तीही नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर.

हे दोन डायोड कुठे बसवायचे यावरून १९७० च्या दशकात दोन घराणी झाली. एका घराण्यात ते वर्धकाच्या नंतर, संकेत जमिनीकडे वळवणाऱ्या वाटेवर बसतात. छाटणी सडेतोड होते. ‘एमएक्सआर’ ची ‘डिस्टॉर्शन प्लस’, ‘डीओडी’ ची ‘२५०’ आणि मिशिगनमधील कॅलामझू येथे दशकाच्या अखेरीस तयार झालेली ‘रॅट’ या पेट्या या घराण्यातल्या. दुसऱ्या घराण्यात डायोड वर्धकाच्या फीडबॅकच्या वाटेत असतात. मोठा संकेत आला की ते वर्धकाची वाढवण्याची शक्तीच कमी करतात. पण मूळ संकेत नाहीसा होत नाही, छाटलेल्या तरंगाच्या खांद्यावर तो बसलेला राहतो. म्हणून येथे वादकाच्या बोटांचा जोर ऐकू येतो. जपानच्या ‘बॉस’ कंपनीची १९७७ ची ‘ओडी-१’ आणि सुसुमु तामुरा यांनी आखलेली, आयबानेझ नावाने विकली गेलेली ‘ट्यूब स्क्रीमर’ या घराण्यातल्या. ‘ओडी-१’ मध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक असे तीन डायोड आहेत. छाटणी मुद्दाम विषम ठेवलेली. ‘ट्यूब स्क्रीमर’ मध्ये दोनच, सममित. शिवाय सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर या टप्प्यात कमी वाढवले जातात, म्हणून खर्ज चिखलासारखा होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या मंडलांत फारसे गुपित नव्हते. क्रेग अँडरटन यांचे ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ हे पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि वादकाने स्वतः सोल्डरिंगची कांडी हातात घ्यावी ही कल्पना रुजत गेली. पेटी घरी बांधणाऱ्याला लवकरच कळते की, डझन-दोन डझन सुट्या भागांपैकी डायोड बदलणे सर्वांत सोपे आणि स्वस्त आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत साधा सिलिकॉन डायोड चहाच्या एका कपापेक्षाही स्वस्तात मिळतो. तो थेट न डाखता छोटे सॉकेट लावून ठेवले की जर्मेनियम काढून सिलिकॉन, सिलिकॉन काढून एलईडी, एका बाजूला एक तर दुसऱ्या बाजूला दोन, असे पाठभेद मिनिटाभरात ऐकता येतात. पाठभेद हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. ‘डिस्टॉर्शन प्लस’ आणि ‘२५०’ यांची मंडले शेजारी ठेवली तर ती जवळजवळ एकाच संहितेच्या दोन प्रती वाटतात. ठळक भेद एवढाच की पहिलीत जर्मेनियम, दुसरीत सिलिकॉन. तरीही पहिली रँडी ऱ्होड्स यांच्या नावाने ओळखली जाते, दुसरी इंग्वे माल्मस्टीन यांच्या. ‘रॅट’ च्या निर्मात्यांनी तर स्वतःच एलईडीची आणि जर्मेनियमची आवृत्ती वेगळ्या नावांनी काढली. मार्शलने १९८८ मध्ये ‘गव्हर्नर’ या पेटीत एलईडी वापरून आणखी उंच कुंपणाचा आवाज दिला. हौशी माणूस करतो ते आणि कारखाना करतो ते, यांत तत्त्वतः भेद उरत नाही.

मग भेद कशात आहे? आमच्या मते तो शब्दांत आहे. डायोडांविषयी बोलताना वापरली जाणारी विशेषणे पाहावीत. जर्मेनियम ‘उबदार’, सिलिकॉन ‘कोरडा’, एलईडी ‘मोकळा’. ही विशेषणे निराधार नाहीत. जर्मेनियमचा दरवाजा लवकर आणि हळूहळू उघडतो, त्यामुळे छाटणीचा कोपरा गोलसर राहतो. सिलिकॉनचा कोपरा अधिक टोकदार. एलईडीची मर्यादा उंच असल्याने हलक्या वादनात छाटणी होतच नाही. परंतु याच आकड्यांमधून आणखी एक गोष्ट निघते आणि ती बहुधा सांगितली जात नाही. पहिल्या घराण्याच्या पेटीत डायोड बदलला की आवाजाची पातळीही बदलते. ०.३ च्या जागी ०.६ व्होल्ट म्हणजे संकेत दुप्पट, सुमारे ६ डेसिबलची वाढ; ०.६ च्या जागी १.७ म्हणजे जवळजवळ तिप्पट, सुमारे ९ डेसिबल. आणि मानवी कानाची जुनी खोड अशी की, दोन आवाजांतला मोठा आवाज त्याला अधिक चांगला, अधिक भरीव वाटतो. म्हणजे एलईडी घातल्यावर आवाज ‘खुलला’ असे जो म्हणतो, तो कदाचित फक्त ‘मोठा झाला’ एवढेच ऐकत असतो. पातळी समान करून, कोणता डायोड लावला आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता ऐकवले, तर फरक नाहीसा होत नाही, पण बराच आकसतो. जो उरतो तोच खरा फरक.

फरकापेक्षा कीर्ती मोठी झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘क्लॉन सेंटॉर’. बिल फिनेगन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १९९४ पासून ही पेटी विकायला सुरुवात केली. तीत जर्मेनियमचे दोन डायोड आहेत आणि मंडल कोणाला वाचता येऊ नये म्हणून त्यावर काळे रेझिन ओतलेले असे. संहिता मोहोरबंद केली की भाष्यांना ऊत येतो. उत्पादन थांबल्यावर वापरलेल्या पेट्यांची किंमत हजारो डॉलरवर गेली आणि ‘ते’ विशिष्ट जर्मेनियम डायोड म्हणजे जणू परीस, अशी समजूत पसरली. पुढे हौशी लोकांनी रेझिन खरवडून मंडल उघड केले. त्यातून दिसले ते चातुर्याचे होते, चमत्काराचे नव्हते: स्वच्छ संकेताची एक वाट छाटलेल्या संकेताच्या शेजारून चालते आणि शेवटी दोन्ही एकत्र होतात. त्यातली खोच अशी की, अनेक वादक ही पेटी छाटणीचे बटण अगदी कमी ठेवून वापरतात आणि तेव्हा त्या प्रख्यात डायोडांना जवळजवळ कामच नसते. फिनेगन यांनी स्वतः नंतरच्या ‘केटीआर’ या आवृत्तीच्या पेटीवरच, हा हास्यास्पद गाजावाजा आपण निर्माण केलेला नाही, अशा आशयाचे वाक्य छापले. कर्त्यानेच आपल्या कृतीवरची दंतकथा नाकारावी आणि वाचकांनी तरीही ती सोडू नये, हे दृश्य साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

येथे आरंभीच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दोषाचा गुण होतो. गुणाची शैली होते. शैलीचा दंडक होतो. आणि दंडकाचा शेवटी अवशेष होतो, ज्याची पूजा होते पण परीक्षा होत नाही. फाटका पडदा, बिघडलेली वाहिनी, ताणलेल्या नळ्या, दोन डायोड आणि रेझिनखालचे दोन डायोड असा हा उतार आहे. पहिल्या टप्प्यावर कान निर्णय घेतो, शेवटच्या टप्प्यावर नाव.

आपल्या समीक्षेची स्थिती याहून फार निराळी आहे का? ‘अस्सल’, ‘सकस’, ‘मातीतले’, ‘तरल’ ही आपली विशेषणे एकेकाळी प्रत्यक्ष वाचनातून निघाली होती, त्यांच्यामागे निश्चित अनुभव होता. आज ती पुष्कळदा लेखकाच्या नावाला आपोआप चिकटतात. एखाद्या कवितेला आपण ‘अस्सल’ म्हणतो, तेव्हा तिच्यातल्या कोणत्या शब्दामुळे, कोणत्या लयीमुळे म्हणतो, हे सांगण्याची जबाबदारी आपण घेत नाही. ग्रामीण बोलीचा खडबडीतपणा किंवा नवकवितेतील तुटक वाक्यरचना ही एकेकाळी दोष म्हणून हिणवली गेली, मग गुण ठरली आणि आता अनेक ठिकाणी केवळ दंडक म्हणून गिरवली जाते. विद्यार्थी दंडक पाठ करतो. तो दोष असताना तो पत्करण्यात काय धोका होता, हे त्याला कोणी सांगत नाही.

सॉकेटमध्ये डायोड बदलून पाहणारा माणूस या बाबतीत आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सारे जसेच्या तसे ठेवतो, पातळी जुळवतो आणि मग ऐकतो. हीच पद्धत कवितेच्या तासाला सहज वापरता येते. एका ओळीतला एकच शब्द काढून त्या जागी त्याचा जवळचा समानार्थी शब्द ठेवावा, कवीचे नाव झाकावे आणि दोन्ही ओळी मोठ्याने वाचाव्यात. काय हरवले, काय मिळाले, की काहीच बदलले नाही, हे विद्यार्थ्यांनी सांगावे. काहीच बदलले नाही असे उत्तर आले तर तेही मोलाचे आहे. कारण मग आपण त्या जागी ज्याला प्रतिभा म्हणत होतो ती केवळ कीर्ती असण्याचा संभव आहे. आणि फरक ऐकू आला तर तो किती, कशामुळे, हे सांगता आले पाहिजे. भामहाने काजळ शोभते म्हटले ते डोळ्यांत. डबीतल्या काजळाची त्याने स्तुती केलेली नाही.